तलवार घेणाऱ्यालाही डाव मिळावा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मे महिन्याच्या आणि गणपतीच्या सुट्टीत गावोगावच्या वाचनालयांनी व मंडळांनी मुलांसाठी काय उपक्रम घ्यावेत, याविषयी आपल्या दैनिकात वरचेवर मजकूर येतो. त्याच संदर्भात एका नव्या खेळप्रकाराविषयी, आणि खरे म्हणजे त्या खेळातील एका विशिष्ट दोषाविषयी, सविस्तर लिहावेसे वाटते. विषय आकडेमोडीचा आहे आणि वरवर लिहून त्याचा गाभा कळणार नाही, म्हणून पत्र लांबले आहे. जागेच्या सोयीनुसार आपण ते दोन भागांत छापले तरी माझी हरकत नाही.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम हा प्रकार आता सिंधुदुर्गातही पोहोचला आहे. चार-पाच मुले टेबलाभोवती, आमच्याकडे बहुधा सतरंजीवर, बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असते आणि त्या पात्राची ताकद, चपळाई, शस्त्रे, मंत्र यांची नोंद कॅरेक्टर शीट नावाच्या कागदावर असते. एकजण गेम मास्टर होतो. तो प्रसंग उभा करतो, मुले आपापले पात्र काय करील ते सांगतात, आणि ते साधले की फसले हे फासे टाकून ठरते. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट घडवायची असते. या प्रकारातला सर्वांत जुना आणि आजही सर्वाधिक खेळला जाणारा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी शाळेतला मुलगा एरवी वर्गात चार वाक्ये सलग बोलत नाही, तो या खेळात पहारेकऱ्याशी हुज्जत घालताना मी ऐकला आहे. त्यामुळे हा खेळ वाचनालयांत रुजावा असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच त्यातला दोष वेळीच ओळखला जावा असेही वाटते.

तो दोष पात्रांच्या समतोलाचा आहे. आपल्याकडे तो कसा दिसतो ते सांगते. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले मुंबईहून, पुण्याहून येतात आणि खेळाचे पुस्तक तीच घेऊन येतात. पुस्तक इंग्रजीत, जाडजूड, आणि त्याचा फार मोठा भाग मंत्रांच्या वर्णनाने व्यापलेला. जादूगाराचे, म्हणजे मुलांच्या भाषेत विझर्डचे, पात्र घ्यायचे तर ती वर्णने वाचून, समजून, त्यांतून निवड करावी लागते. हे काम इंग्रजी माध्यमातली मुले सहज करतात. गावातल्या मुलाला मग सांगितले जाते, ‘तू फायटर घे, सोपा आहे.’ लढवय्याची सगळी माहिती अर्ध्या पानात मावते, हे खरे आहे. पण खेळ सुरू झाल्यावर तासाभरात असे चित्र दिसते की, बंद दार जादूगार उघडतो, दरीपलीकडे जादूगार उडून जातो, शत्रूंचा घोळका जादूगार एका फटक्यात जाळतो, आणि तलवारवाला मुलगा आपला डाव कधी येतो याची वाट पाहत भिंतीला टेकून बसलेला असतो. दोन-तीन दिवसांनी तो येईनासा होतो. मोठी माणसे म्हणतात, ‘त्याला असले काही जमत नाही, त्याचे आपले क्रिकेटच बरे.’ मला हे वाक्य सहन होत नाही, कारण मुलाला न जमण्यासारखे त्यात काहीच घडलेले नसते. त्याला जे पात्र दिले गेले, त्याच्या नियमांतच त्याचे गप्प बसणे लिहिलेले असते.

मी गणित शिकवते, म्हणून हा हिशेब मांडून दाखवते. या खेळाची २०१४ मधील पाचवी आवृत्ती आपल्याकडे सर्वाधिक दिसते, तिचेच आकडे घेऊ. लेव्हल म्हणजे पात्राच्या प्रगतीची पायरी, आणि फेरी म्हणजे लढाईत प्रत्येकाचा एकेक डाव. पाचव्या लेव्हलचा लढवय्या एका फेरीत दोनदा वार करतो. त्याची ताकद १८ असेल, तर प्रत्येक वारात आठ बाजूंच्या फाशावर पडेल तो आकडा अधिक ४, म्हणजे सरासरी साडेआठ इजा होते. वार लागतो की नाही हे पाहण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकून त्यात ७ मिळवायचे असतात; शत्रूचे चिलखत १५ चे असेल तर फाशावर ८ किंवा अधिक पडले पाहिजे, म्हणजे २० पैकी १३ वेळा वार लागतो. इतर किरकोळ लाभ बाजूला ठेवले, तर एका फेरीची सरासरी सुमारे ११ येते. त्याच लेव्हलचा जादूगार मुलांचा आवडता फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, टाकतो. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. आणि हा आकडा एका शत्रूसाठी नाही, तर वीस फूट त्रिज्येच्या गोलात सापडलेल्या प्रत्येकासाठी आहे. ज्याचा बचाव साधतो त्याला निम्मी इजा होते. चार शत्रू सापडले आणि त्यांतले दोन बचावले असे धरले, तर २८ दुणे ५६ आणि १४ दुणे २८, असे एकूण ८४ होतात.

एकीकडे ११ आणि दुसरीकडे ८४. येथेच बहुतेकजण निष्कर्ष काढून मोकळे होतात की खेळ अन्यायी आहे किंवा जादूगाराला आवर घातला पाहिजे. पण हिशेब अर्धाच झालेला असतो. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला एवढा मोठा मंत्र खेळातल्या एका दिवसात दोनदाच टाकता येतो, आणि मधल्या विश्रांतीत मिळणारी सवलत वापरली तर तिसऱ्यांदा. त्याचे साठवलेले मंत्र संपले की त्याच्या हाती ज्वाळेचा एक छोटा मारा उरतो. तो कितीही वेळा करता येतो, पण वार लागण्याची शक्यता तीच धरल्यास त्याची सरासरी फेरीला जेमतेम ७ भरते. लढवय्याची तलवार मात्र सकाळी जेवढी चालते तेवढीच संध्याकाळीही चालते. म्हणजे ही दोन पात्रे एका फेरीत तोलायची नसून दिवसभराच्या मोजमापात तोलायची आहेत, अशीच नियमकर्त्यांची योजना आहे. गेम मास्टरसाठी असलेल्या पुस्तकात तसे नमूदही केले आहे की, सर्वसाधारण परिस्थितीत पात्रांचा गट रात्रीच्या पूर्ण विश्रांतीपर्यंत ६ ते ८ मध्यम किंवा कठीण प्रसंग पेलू शकतो. मंत्रांची संख्या या अंदाजाशी जुळवलेली आहे. सातव्या प्रसंगात जादूगाराची झोळी रिकामी असते आणि तेव्हा सगळे लढवय्याच्या पाठीमागे उभे राहतात.

आता आपल्या वाचनालयातली दोन तासांची बैठक पाहा. पात्रे ठरवणे, मागची गोष्ट आठवणे, मधले चहा-बिस्किट हे सगळे धरून एक लढाई होते, फार तर दीड. त्यानंतर गेम मास्टर सांगतो, ‘तुम्ही सगळे रात्री झोपलात, उद्या पुढे,’ आणि जादूगाराचे सगळे मंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी भरून तयार असतात. सहा-आठ प्रसंगांत पुरवून वापरायचा साठा एकाच प्रसंगात उधळायला मिळाला, तर समतोल कोठून राहणार? नियम आणि आपले वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, हे या दुखण्याचे मूळ आहे. आणि सहा ते आठ प्रसंगांचे ते वाक्य खेळाडूंच्या पुस्तकात नसून गेम मास्टरच्या पुस्तकात आहे. मुंबईहून येणाऱ्या पिशवीत बहुधा पहिलेच पुस्तक असते.

या प्रश्नाचा इतिहासही थोडा सांगावा लागेल, कारण उपाय शोधताना तो उपयोगी पडतो. १९७४ च्या मूळ खेळात लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू अशी तीनच प्रकारची पात्रे होती. चोराची भर १९७५ मध्ये पडली. जादूगार पुढे बलाढ्य होणार हे त्या काळातल्या नियमकर्त्यांनी ओळखले होते आणि त्याला अनेक लगाम घातले होते. १९७८ च्या खेळाडू पुस्तिकेनुसार जादूगार एका मंत्रानिशी सुरुवात करी, त्याचे जीवनगुण, म्हणजे घाव सोसण्याची ताकद, चार बाजूंच्या फाशावर ठरत, तर लढवय्याचे दहा बाजूंच्या. मंत्र म्हणत असताना घाव बसला तर मंत्र वाया जाई. पुढच्या लेव्हलला जाण्यासाठीही सर्वांना सारखे गुण लागत नसत. दुसऱ्या लेव्हलसाठी चोराला सुमारे १२५०, लढवय्याला २०००, तर जादूगाराला २५०० गुण मिळवावे लागत. बुटके आणि एल्फ या मानवेतर वंशांच्या पात्रांना जादा देणग्या होत्या, तर त्यांच्या प्रगतीला वरची मर्यादा घातलेली होती. हा समतोल वर्षानुवर्षांच्या खेळात साधणारा होता. सुरुवातीला जादूगाराने लढवय्याच्या आडोशाने जगायचे आणि पुढे लढवय्याने जादूगाराचे ऐश्वर्य पाहायचे, असा तो सौदा होता. जो गट आठवड्याला एकदा याप्रमाणे तीन-चार वर्षे खेळणार, त्याला तो परवडे. पंधरा दिवसांच्या सुट्टीत तो कोणालाच परवडणारा नाही.

खेळाची मालकी १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली आणि २००० साली तिसरी आवृत्ती निघाली. तिने नियम सुटसुटीत केले, ही मोठी सुधारणा होती. पण त्या साफसफाईत जुने लगामही निसटले. सर्वांना लेव्हलसाठी एकच तक्ता आला आणि ऐन लढाईत सावधपणे मंत्र म्हणण्याची सोय झाली. पुढे पुढे अशी स्थिती आली की, वनविद्या जाणणाऱ्या ड्रुइडच्या सोबतीला असलेले जनावरच गटातल्या लढवय्याच्या तोडीस तोड लढे. यावर उतारा म्हणून २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या पात्रांना एकाच साच्याच्या शक्ती दिल्या गेल्या: काही केव्हाही वापरण्याच्या, काही प्रसंगात एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा समतोल त्या आवृत्तीत पुष्कळच साधला होता, असे माझे मत आहे. तरीही अनेक जुन्या खेळाडूंनी तिच्याकडे पाठ फिरवली, कारण लढवय्या आणि जादूगार हातात घेतल्यावर सारखेच वाटू लागले. सर्वांना सारखे देणे आणि सर्वांना वाव देणे यांत फरक आहे, हे त्या अनुभवावरून दिसते.

याच्या अगदी उलट वाट १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ या खेळाने धरली होती. त्यात जादूगार इतरांपेक्षा सरस आहेत हे उघडपणे मान्य केले आहे, आणि म्हणून प्रत्येक खेळाडूने एक जादूगार व एक साधा सोबती अशी दोन्ही पात्रे सांभाळावीत, शिपायांसारखी किरकोळ पात्रे सगळ्यांनी मिळून वापरावीत, अशी रचना केली आहे. आज माझा जादूगार मोहिमेवर निघाला तर तुझा ग्रंथालयात अभ्यास करीत बसेल आणि तू शिपाई होशील. पुढच्या वेळी उलट. म्हणजे पात्रे असमान राहिली, पण खेळाडू समान झाले. विशेष म्हणजे या खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी जोनाथन ट्वीट हेच पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार होते. ठरावीक गुण देऊन त्यांतून हवे ते सामर्थ्य ‘विकत’ घ्यायला लावणारेही खेळ आहेत, १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ आणि १९८६ चा ‘गर्प्स’ त्यांतले नावाजलेले. पण तेथे हिशेबात हुशार असलेला खेळाडू त्याच गुणांत दुप्पट बळाचे पात्र उभे करतो, त्यामुळे आपल्या मुलांच्या दृष्टीने प्रश्न जेथल्या तेथे राहतो.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना हा फरक समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. दशावतारी नाटकात लिखित संहिता नसते. आख्यान आणि भूमिका ठरतात, आणि संवाद कलावंत रंगमंचावर उभे राहून स्वतःच रचतात. आरंभीच्या आडदशावतारात संकासुर येतो, वेद पळवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. बळाचा विचार केला तर त्याचा निकाल आधीच लागलेला आहे आणि तो अवघ्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. तरी मालवणीत त्याने केलेली टोलवाटोलवी ऐकण्यासाठी पोरेसोरे पुढे सरकून बसतात. संकासुराचे काम करणाऱ्याला आपण विष्णूपेक्षा कमी आहोत असे वाटत नाही, कारण रंगमंचावरचा त्याचा वेळ त्याला मिळालेला असतो आणि त्या वेळात गोष्ट त्याच्या बोलण्याने चालते. रोल-प्लेइंग खेळातला समतोल याच मापाने मोजावा असे मला वाटते. कोणी किती इजा केली यापेक्षा दोन तासांत कोणाच्या निर्णयामुळे गोष्टीने वळण घेतले, हे पाहावे.

या मापाने पाहिले की खरी अडचण लढाईच्या बाहेर आहे हे लक्षात येते. लढाईत लढवय्याला निदान दोन वार तरी मिळतात. कुलूप, दरी, पहारेकरी, नदी, खोटे बोलणारा सावकार अशा प्रसंगांत त्याच्या कागदावर फारसे काही लिहिलेलेच नसते. शिवाय नियमांची भाषाही वेगळी आहे. चोराने कुलूप काढायचे तर फासा टाकायचा आणि तो फसूही शकतो. जादूगाराने कुलूप उघडण्याचा मंत्र म्हटला की साधे कुलूप उघडते, फासा नाहीच. गेल्या मे महिन्यातल्या एका डावात सातवीतल्या एका मुलाने चोराचे पात्र हौसेने घेतले होते, कुलूप काढायची हत्यारे कागदावर लाल शाईने लिहिली होती. पहिलेच कुलूप आले आणि त्याने तोंड उघडण्याआधी शेजारच्या मुलीने मंत्र म्हणून टाकला. तिचा काही दोष नव्हता. तिच्या कागदावर तो मंत्र होता आणि तिने तो वापरला. पण त्या मंत्राच्या वर्णनात पुढे असेही लिहिले आहे की, कुलूप उघडताना ठोठावल्याचा मोठा आवाज होतो आणि तो ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. हा अर्धा भाग कोणी वाचलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो वाचून दाखवला आणि पुढच्या कुलपापाशी मुले आपणहून थबकली. आत पहारेकरी असतील तर आवाज करून चालणार नाही, हे त्यांचे त्यांनाच सुचले, आणि सगळ्यांनी चोराकडे पाहिले. त्याने फासा टाकला तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हते. नियमात एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही.

अशा किमती बहुतेक मंत्रांना जोडलेल्या आहेत. पाचव्या आवृत्तीत उडण्याच्या मंत्रावर लक्ष टिकवून ठेवावे लागते. जादूगाराला घाव बसला आणि लक्ष ढळले, तर उडणारा खाली येतो. एका वेळी असा एकच मंत्र चालू ठेवता येतो. हे गेम मास्टरने विसरायचे आणि मग जादूगार फार बलवान आहे म्हणून तक्रार करायची, असे अनेक ठिकाणी चालले आहे. आमच्याच भागात एका शिबिरात जादूगाराच्या पात्रावर सरसकट बंदी घातली गेली. दुसरीकडे लढवय्याला जादूची तलवार देऊन त्याची समजूत काढण्यात आली. बंदीमुळे वाचण्याची आवड असलेली मुले नाराज झाली. जादूच्या तलवारीने फेरीची सरासरी ११ वरून १३ वर जाईल, पण कुलपापुढे आणि दरीपुढे तो मुलगा पूर्वीइतकाच मुका राहील. माझ्या मते दोन्ही उपाय चुकीच्या ठिकाणी लावलेले आहेत.

सुट्टीतील उपक्रम घेणाऱ्यांना म्हणूनच काही सुचवावेसे वाटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बैठक संपली म्हणून खेळातला दिवस संपवू नये. मुले घरी जाताना प्रत्येकाच्या कागदावर उरलेले मंत्र आणि उरलेले जीवनगुण पेन्सिलीने लिहून घ्यावेत, कागद वाचनालयाच्या कपाटात ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरुवात करावी. खेळातला एक दिवस खऱ्या तीन-चार बैठका चालला तरी काही बिघडत नाही. पहिल्या बैठकीत मंत्र उधळणारा मुलगा तिसऱ्या बैठकीत आपोआप काटकसर शिकतो, आणि तलवारवाला तिसऱ्या बैठकीत खऱ्या अर्थाने खेळू लागतो. मधल्या तासाभराच्या विश्रांत्या मात्र मोकळ्या हाताने द्याव्यात, कारण लढवय्याच्या काही खास शक्ती त्या छोट्या विश्रांतीत भरून येतात आणि जादूगाराचे बहुतेक मंत्र येत नाहीत. दुसरे असे की, पंधरा दिवसांच्या उपक्रमात चौथ्या लेव्हलच्या वर जाऊच नये. फायरबॉल आणि उडण्याचा मंत्र पाचव्या लेव्हलला येतात, आणि पात्रांमधली दरी तेथूनच रुंदावत जाते. आणि लढवय्याच्या कागदावर नसलेले त्याच्या आयुष्यात भरावे. तो कोणत्या गावचा, कोणाच्या पदरी शिपाई होता, घाटातल्या कोणत्या नाक्यावर त्याची ओळख आहे, हे मुलाकडून पहिल्याच दिवशी वदवून घ्यावे. म्हणजे पहारेकऱ्यापुढे मंत्र कामाला येत नाही तेथे जुनी ओळख कामाला येते. २०२४ च्या सुधारित पुस्तकात लढवय्याला शस्त्रांचे काही खास डाव दिले आहेत, ते स्वागतार्ह आहेत, पण त्यांचाही उपयोग लढाईपुरताच आहे.

फाशांविषयीही लिहिणे आवश्यक आहे, कारण समतोल तेथेही ढळतो. वीस बाजूंचा फासा तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. मोबाइलवर तो टाकता येतो, पण सगळ्यांकडे मोबाइल नसतो आणि नसलेलाच बरा. म्हणून मुलांनी स्टीलच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या, हे कौतुकाचेच. परंतु काढलेली चिठ्ठी परत डब्यात न टाकता बाजूला ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि तिने सगळे गणित बदलते. खरा फासा वीस वेळा टाकला तरी त्यात एकदाही २० न पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. चिठ्ठ्या परत टाकल्या नाहीत तर वीस चिठ्ठ्यांत २० एकदा येणारच आणि नंतर डबा रिकामा होईपर्यंत पुन्हा येणार नाही. हुशार मूल बाहेर पडलेल्या चिठ्ठ्या मोजते, चांगल्या उरल्या की पुढे सरसावते आणि वाईट उरल्या की दुसऱ्याला पुढे करते. दर फेरीत दोनदा चिठ्ठी काढावीच लागणारा लढवय्या यात सापडतो, आणि ज्याच्या फायरबॉलला स्वतःची चिठ्ठी लागतच नाही तो जादूगार सुटतो. काढलेली चिठ्ठी वाचून लगेच डब्यात टाकावी आणि डबा हलवावा. किंवा दहाच चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि सोबत लुडोचा फासा टाकावा. त्यावर १ ते ३ पडले तर चिठ्ठीचा आकडा तसाच धरावा, ४ ते ६ पडले तर त्यात १० मिळवावेत. याने वीसही आकड्यांची शक्यता अगदी समान राहते.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा आहे. जादूगाराचे पात्र जोवर फक्त इंग्रजी वाचणाऱ्यालाच घेता येते, तोवर नियम कितीही जपून पाळले तरी सतरंजीवरची विभागणी तीच राहील. सुदैवाने यात कायद्याची अडचण नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा मोठा भाग, अनेक मंत्रांसह, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला असून मूळ श्रेय नमूद करून त्याचे भाषांतर करण्यास व ते वाटण्यास कोणालाही मुभा आहे. क आणि ड वर्गाच्या वाचनालयांना पुस्तक विकत घेणे जड जाते, हे मी जवळून पाहते. त्यांना चाळीस-पन्नास पानांची मराठी प्रत झेरॉक्सच्या खर्चात मिळू शकते. संपूर्ण नियमावली एकदम उतरवण्याची गरज नाही. मंत्रांचे बळानुसार स्तर पाडलेले आहेत; त्यांतल्या पहिल्या दोन स्तरांचे मंत्र, त्यांच्या किमती आणि अटींसह, मराठीत आले की चौथ्या लेव्हलपर्यंतचा खेळ पूर्ण होतो, आणि गावातला मुलगा पहिल्याच दिवशी ‘मी जादूगार होतो’ असे म्हणू शकतो. मुंबईच्या मुलीला मग कधीतरी तलवार घ्यावीशी वाटेल, तीही तिने आनंदाने घ्यावी.

हे काम आम्ही दोन-तीन शिक्षकांनी हाती घेतले असून पहिल्या स्तराचे मंत्र उतरवून होत आले आहेत. ज्या वाचनालयांना किंवा मंडळांना ही प्रत हवी असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास ती विनामूल्य पाठवू. मालवणीची जाण असलेल्या कोणी मसुदा वाचून पहारेकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या तोंडचे संवाद सुधारून दिले, तर फार बरे होईल. मे महिन्याच्या आत दुसरा स्तरही पूर्ण व्हावा असा प्रयत्न आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक गणित शिक्षिका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग